साकवाची मागणी ग्रामसभेत कशी लावून धरावी

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर करून घेतला आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तो स्वीकारला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली नाहीत, तोवर तो कागदावरच राहिला. त्यानंतरही तळ्यावरील हक्काच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. साकवासारखा, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलासारखा, आपल्या वाडीचा लहानसा प्रश्न हाती घेतानाही ठराव आणि पाठपुरावा ही दोन्ही कामे आपलीच आहेत, असे धरून चालावे.

समजा, शाळेच्या वाटेवरच्या पऱ्याला (ओढ्याला) जुलैत पाणी चढते आणि मुले घरीच राहतात. अशा वेळी प्रथम पावसाळाभर वहीत नोंद ठेवावी: कोणत्या तारखेला वाट बंद झाली, किती मुलांची शाळा बुडाली. ‘फार हाल होतात’ या वाक्यापेक्षा ही वही अधिक बोलते.

त्यानंतर ग्रामसभेच्या पुरेशा आधी विषयाचा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेतही हा विषय मांडावा, कारण पाण्यातून मुलाला कडेवर घेऊन जाणारी बहुधा आईच असते. गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्तीच ग्रामसभेची सदस्य असते. मुंबईत नाव नोंदवलेल्या चाकरमान्यांनी कागदपत्रांत जरूर मदत करावी, पण हात वाडीतल्यांनीच वर करायला हवेत.

ठरावाच्या शब्दांवर मात्र सर्वाधिक वेळ खर्च करावा. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहिले की कोणावरच जबाबदारी येत नाही. त्याऐवजी ‘वरच्या वाडीच्या पाखाडीवरील पऱ्यावर साकव बांधण्याचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे एका महिन्यात पाठवावा’ असे लिहून न्यावे, सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवावेत आणि ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा उतरेपर्यंत जागेवरून उठू नये. हजेरीपत्रकावर सही करून लगेच घरी फिरण्याची सवय गावाला फार महागात पडते, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

महिना उलटूनही प्रस्ताव हलला नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, विषय एकच ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. ते न आल्यास पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. आलेले उत्तर घरी फायलीत न ठेवता पुढच्या ग्रामसभेत मागील इतिवृत्ताचे वाचन होताच उभे राहून सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याचीही नोंद इतिवृत्तात घ्यायला लावावी.