१९१६ चा मेलबर्नचा फुटबॉल हंगाम जुन्या पेपरांतून कसा वाचावा

व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा (ऑस्ट्रेलियातली, सॉकरची नव्हे तर ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलची स्पर्धा) एखादा जुना हंगाम वाचायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून १९१६ सांगतो. संघ चारच. पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणून आदल्या वर्षीच्या नऊपैकी पाच संघ त्या साली उतरलेच नाहीत. उरले कार्लटन, कॉलिंगवूड, फिट्झरॉय आणि रिचमंड. चौघंही मेलबर्नच्या जुन्या, दाट वस्तीतले, एकमेकांपासून फार लांब नाहीत. पसारा एवढासा, पण शेवट असा की पहिल्यांदा वाचणाऱ्याला तक्ता चुकीचा छापलाय असंच वाटतं.

म्हणूनच थेट ग्रँड फायनलवर, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यावर, उडी मारू नका. आधी वहीत चौकट आखा. प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी चार-चार वेळा खेळला, म्हणजे संघामागे १२ सामने, एकूण २४. जिंकलं तर ४ गुण, बरोबरी झाली तर २. साखळी संपल्यावर तक्ता असा दिसायला हवा: कार्लटन १० विजय, ४० गुण; कॉलिंगवूड ६ विजय, २६ गुण; रिचमंड ५ विजय, २० गुण; फिट्झरॉय २ विजय, १० गुण. आता गुणांच्या रकान्याकडे जरा नीट बघा. २६ आणि १० हे दोनच आकडे चारच्या पाढ्यात येत नाहीत. हंगामातली एकमेव बरोबरी कुणाकुणात झाली, हे पेपर न उघडताच कळलं की नाही? कुणाचेही गुण सारखे नाहीत, त्यामुळे गुण सारखे असताना क्रम लावणाऱ्या टक्केवारीची (केलेल्या आणि दिलेल्या स्कोअरच्या प्रमाणाची) भानगडही या साली नाही.

आता पेपर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे जुन्या पेपरांचं ऑनलाइन भांडार फुकट आहे, ‘द आर्गस’ आणि ‘द एज’ दोन्ही तिथे सापडतात. सामने सहसा शनिवारी व्हायचे आणि या दैनिकांचा रविवारचा अंक नसायचा, म्हणून सोमवारचा अंक काढा. नुसतं ‘फिट्झरॉय’ टाकून शोधलंत तर नगरपालिका, कोर्टकचेऱ्या आणि घरविक्रीच्या जाहिरातींत बुडाल. ते उपनगराचंही नाव आहे. तारखेची चाळणी लावा आणि सोबत फुटबॉल हा शब्द टाका.

ट्रोव्हवरचा मजकूर यंत्राने वाचलेला असतो, आणि यंत्राला पुसट ३ आणि ८ सारखेच दिसतात. यावर माझा भरवशाचा उपाय म्हणजे गुणाकार. गोलचे ६ गुण, बिहाइंडचा (मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबांमधून चेंडू गेला की मिळणारा) १. १२ गोल १३ बिहाइंड म्हणजे ७२ अधिक १३, ८५. बातमीत कंसात दिलेला एकूण आकडा जुळला नाही तर मजकूर सोडा आणि पानाचं मूळ चित्र मोठं करून बघा. शिवाय प्रत्येक क्वार्टरपुढचा स्कोअर तोपर्यंतचा एकूण असतो. त्या चार ओळींची बेरीज करू नका, शेवटची ओळ हाच निकाल.

आता खरी गंमत. बाद फेरीत चार संघ घ्यायचे, आणि लीगमध्ये होतेच चार! म्हणजे १२ सामन्यांची साखळी खेळून बाहेर कुणीच गेलं नाही, फक्त क्रम ठरला. सेमीफायनलला पहिला विरुद्ध तिसरा आणि दुसरा विरुद्ध चौथा. कार्लटनने रिचमंडला हरवलं, तळाच्या फिट्झरॉयने कॉलिंगवूडला. मग फायनलमध्ये फिट्झरॉयने कार्लटनलाही लोळवलं. इथे हंगाम संपला असं समजून पेपर मिटू नका. त्या काळच्या नियमाने साखळीत पहिल्या आलेल्या संघाला, हरला तरी, एकदा आव्हान द्यायचा हक्क होता. कार्लटनने तो वापरला आणि त्यातून ग्रँड फायनल झाली. त्या काळात फायनल आणि ग्रँड फायनल हे दोन वेगळे सामने. अव्वल संघाने फायनल जिंकली असती तर ग्रँड फायनल झालीच नसती. वहीत दोन्हींसाठी स्वतंत्र ओळी ठेवा.

२ सप्टेंबर १९१६, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. फिट्झरॉय १२ गोल १३ बिहाइंड, ८५. कार्लटन ८ गोल ८ बिहाइंड, ५६. तळाचा संघ विजेता! काही जण याला नियमाची फजिती म्हणतात. मला ते पटत नाही. आव्हानाचा नियम कार्लटनच्याच सोयीचा होता, आणि दोन्ही वेळा तेच हरले. फार तर साखळीलाच काही अर्थ उरला नव्हता म्हणा.

हे जमलं की १९१७ घ्या. जिलाँग आणि साउथ मेलबर्न परत आले, संघ सहा झाले, म्हणजे बाद फेरीआधी दोघांना घरी जावं लागलं. १९१४ मात्र इतक्यात नको. त्यात दहा संघ आहेत आणि चौकटच दोन पानांवर जाते.