फोनचं जीपीएस लवकर लागावं म्हणून होणाऱ्या या चुका टाळा

जीपीएस लागायला जरा वेळ लागला की लोक जीपीएस ॲपमधलं ‘ए-जीपीएस रीसेट’ (ए-जीपीएस म्हणजे इंटरनेटच्या मदतीने लवकर लागणारं जीपीएस) दाबतात. अगदी अनुभवी मंडळीसुद्धा हेच सुचवतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. त्या बटणाने अल्मनॅक आणि इफेमेरिस ही उपग्रहांच्या कक्षांची माहिती, शेवटचं ठिकाण असं सगळं पुसलं जातं. वेळ वाचवणारा डेटा आपण आपल्याच हाताने टाकून देतो. इंटरनेट असेल तर लगेच ‘डाउनलोड’ दाबून निभावतं. नेटवर्क नसेल तर मात्र कोल्ड स्टार्ट, म्हणजे काहीच माहिती नसताना शून्यापासून सुरुवात, ठरलेला. जीपीएसचा मूळ सिग्नल सेकंदाला जेमतेम ५० बिट डेटा देतो. उपग्रहाच्या स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती, म्हणजे इफेमेरिस, दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. सगळ्या उपग्रहांचा ढोबळ अल्मनॅक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. त्यामुळे बाकी सगळं करून झाल्याशिवाय आणि हाताशी नेट असल्याशिवाय मी रीसेटला हात लावत नाही.

आता स्वतः स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहून डेटा सेव्ह-रिस्टोअर करणाऱ्यांविषयी. यांची हमखास चूक म्हणजे घड्याळ न तपासणं.

एका सहकाऱ्याने लिनक्सच्या फोनसाठी अशी स्क्रिप्ट लिहिली होती. जीपीएस मॉड्यूलची वीज गेली की त्याची मेमरी कोरी व्हायची, म्हणून बंद करण्याआधी डेटा फाइलमध्ये उतरवायचा आणि सुरू करताना परत भरायचा. कल्पना चांगलीच होती आणि चाचणीत फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून लागलेलं ठिकाण, काही सेकंदांत यायचा. मग एकदा बॅटरी पार उतरली आणि फोन तसाच पडून राहिला. चार्ज करून मोकळ्या मैदानात नेला, तरी फिक्स येईना. त्याने अँटेनाला दोष दिला, मॉड्यूल बदलायला निघाला. मी आधी लॉग मागितला. बॅटरी उतरल्याने फोनचं घड्याळ मागे गेलं होतं, त्यात तारीख होती १ जानेवारी १९७०! जीपीएसची कालगणनाच ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते. स्क्रिप्टने ती वेळ खात्रीची म्हणून मॉड्यूलला देऊन टाकली होती, त्यामुळे कोणता उपग्रह आकाशात कुठे असेल याचा सगळा हिशोबच फसला. डेटा भरणारी ओळ काढली आणि साध्या कोल्ड स्टार्टने फिक्स आला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी वेळ, मग ठिकाण, मग उपग्रहांचा डेटा. साल विचित्र दिसलं तर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत काहीच भरायचं नाही. क्वालकॉम या चिप कंपनीच्या, नेटवरून उतरवायच्या एक्स्ट्रा फाइलमध्ये पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज असतो, पण तिलाही बरोबर वेळ लागतेच. इफेमेरिस साधारण चार तासांपर्यंतच कामाचं, त्याहून जुनं असेल तर मी सरळ वगळतो. अल्मनॅक काही आठवडे जुना असला तरी चालतो. शेवटचं ठिकाण देताना त्याची अचूकताही प्रामाणिकपणे सांगा. लांबचा प्रवास करून आल्यावर जुनं ठिकाण ‘१०० मीटरच्या आत’ म्हणून देणं म्हणजे रिसीव्हरची शुद्ध फसवणूक.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

घरात बसून चाचणी करू नका.

वाय-फायवरून आलेल्या निळ्या ठिपक्याला फिक्स समजू नका. उपग्रहांची यादी दाखवणारं ॲप उघडून किती उपग्रह खरोखर वापरात आहेत ते बघा.

पहिला फिक्स येईपर्यंत एका जागी थांबा. चालत राहिलात आणि मध्येच सिग्नल तुटला, तर त्या उपग्रहाचा अर्धवट राहिलेला भाग पुन्हा यायची वाट बघावी लागते. एवढा धीर नवशिक्यांना का नसतो, कळत नाही.

‘जीपीएस बूस्टर’ ॲप्सच्या नादी लागू नका. अँटेनाची ताकद सॉफ्टवेअरने वाढत नाही.

आणि फिक्स आल्या आल्या डेटा सेव्ह करू नका. तेव्हा अल्मनॅक बहुधा अपुराच असतो. मी फोन पंधराएक मिनिटं उघड्यावर तसाच चालू ठेवतो आणि मगच फाइल लिहितो.