गाडीच्या दारावरील बुटांचे डाग काढताना

दाराच्या खालच्या प्लास्टिकवर दिसणारे काळे ओरखडे अनेकदा ओरखडे नसतातच; बुटाच्या तळव्याचे रबर घासून तिथे चिकटलेले असते. त्यावरून हलकेच नख फिरवावे. ते अडकले नाही, तर डाग बहुधा निघतो. आधी ओल्या मायक्रोफायबर कापडाने धूळ टिपून घ्यावी, कारण धुळीसकट घासल्यास नवे चरे पडतात. मग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून, मऊ टूथब्रशने प्लास्टिकच्या रवाळ पृष्ठभागावरील बारीक खाचा साफ कराव्यात. तरीही डाग उरल्यास मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून अगदी हलक्या हाताने फिरवावा. मात्र तो बारीक पॉलिश पेपरसारखा पृष्ठभाग झिजवतो, म्हणून चकचकीत काळ्या पॅनेलला कधीही लावू नये. थिनर तर नकोच, त्याने प्लास्टिक मऊ पडून कायमचे खराब होऊ शकते.