फुले, जंगल आणि माती: भाषण-फलक लिहिताना या चुका टाळा

११ एप्रिल, म्हणजे महात्मा फुल्यांची जयंती जवळ आली की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव भागात भाषणं, फलक, शाळेतले प्रकल्प सुरू होतात. त्यांच्याबद्दल ‘जलसंधारणाचे आद्य पुरस्कर्ते’ असं एक वाक्य टाकून पुढे जातात. ऐकणाऱ्या पोरांना त्यातून काहीच हाती लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुले जंगल राखण्याच्या विरोधात होते असं सांगणं. ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात (१८८३) त्यांनी जुलमी फॉरेस्ट खात्याची होळी करा म्हटलंय, तेवढंच उचललं जातं. त्याच्या अलीकडचा मजकूर वाचा. गावांची गायरानं परत सोडा, सरपणाला आणि शेताच्या राबाला (पेरणीआधी शेतात जाळायच्या पाल्या-फांद्यांना) तोडू द्या, पण विकण्यासाठी इमारती लाकूड तोडायला सक्त बंदी घाला, असं ते मागतात. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली चराई आणि सरपण सरकारच्या हातात गेलं होतं, तो संदर्भ फलकावर एका ओळीत तरी द्या. झाडं वाचवायची आणि गुराख्यालाही जगवायचं, ही त्यांची एकच मागणी होती. मला हा माणूस मोठा वाटतो तो इथे.

दुसरी चूक ‘बंधारा’ शब्दाची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरण येतं. फुले म्हणतात तालीवजा बंधारे. ताल म्हणजे उतारावर माती-पाणी अडवायला रचलेला दगडांचा बांध. डोंगरावरचा पाला, मेलेले किडे, श्वापदं यांचं कुजलेलं सत्त्व वळवाच्या पाण्याबरोबर शेतात येतं. ते वाहून न जाता आधी शेतात मुरावं आणि मग ओढ्याला मिळावं, म्हणून फौजेतल्या शिपायांना आणि पोलिसांना या कामाला लावा, असं त्यांनी लिहिलं. समजत नसेल तर पोरांना उतारावरच्या जुन्या तालीवर न्या. खालच्या अंगाला गुडघाभर दगड उघडे, वरच्या अंगाला माती दगडांच्या माथ्याला टेकलेली. तिथली ज्वारी आणि ताल फुटलेल्या वावरातली ज्वारी शेजारी शेजारी दाखवा. तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्या, हीसुद्धा त्यांचीच मागणी.

कटगुण हे फुल्यांचं मूळ गाव, त्यांचं आयुष्य गेलं पुण्यात. त्यांनी काढलेला सत्यशोधक समाज १८७३ चा. हे दोन्ही हमखास चुकतं.

शेवटची अडचण जंगलाच्या पुढच्या लढ्यांचे जुने कागद शोधणाऱ्यांची. जंगल कायद्याविरुद्धचा बिळाशी गावचा १९३० चा जंगल सत्याग्रह ‘सांगली’ नावाखाली शोधाल तर हात रिकामे राहतील. शिराळ्याकडचा तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. तेव्हा १९४९ पर्यंतचं सगळं सातारा नावाखाली बघा, त्यानंतरच्या अकरा वर्षांसाठी दक्षिण सातारा.