अंगणातील शिंजीर ते मधमेश्वरचे वारकरी : पक्ष्यांची छायाचित्रे कशी काढावीत

नाशिककरांपैकी अनेक जण नवा कॅमेरा हाती येताच थेट नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य गाठतात आणि दूरवर पाण्यात ठिपक्यांसारखे दिसणारे पक्षी टिपून निराश होऊन परततात. त्याऐवजी पहिला महिनाभर घराच्या अंगणातच सराव करावा, कारण तेथे पक्षी जवळ असतो आणि रोज ठरलेल्या वेळी येतो.

प्रथम जागा निवडावी. जास्वंदीवर शिंजीर हा फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी येतो, तर मातीच्या उथळ परळात पाणी ठेवल्यास बुलबुल आणि दयाळ येतात. परळातील पाणी मात्र रोज बदलावे. परळाजवळ एक वाळकी फांदी रोवावी, म्हणजे पक्षी पाण्यावर उतरण्यापूर्वी तिच्यावर क्षणभर विसावतो आणि नेमके तेच चित्र आपल्याला हवे असते. फांदीच्या मागे भिंत किंवा दोरीवरचे कपडे नसावेत, दूरची हिरवळ असावी.

त्यानंतर उजेड पाहावा. विणीच्या काळातील नर शिंजीर सावलीत निव्वळ काळा दिसतो. सूर्य आपल्या पाठीशी असताना त्याने मान वळवली की तोच जांभळा-निळा चमकतो. हा फरक महागड्या लेन्सने साधत नाही. सकाळची कोवळी उन्हे त्यासाठी उत्तम.

कॅमेऱ्याचा फोकस नेहमी पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद बहुधा पुरतो, उडणाऱ्यासाठी मात्र १/२००० पर्यंत न्यावा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावा लागला तरी चालेल, कारण थोडे दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले सुधारता येत नाही.

हात बसल्यावर पाण्याकडे वळावे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा ब्रिटिश काळातला. २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. हिवाळ्यात येथे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. चापडगावच्या बाजूचे निरीक्षण मनोरे पक्षी पाहण्यासाठी चांगले आहेत, पण माझ्या मते छायाचित्रासाठी नाहीत, कारण उंचावरून पक्ष्याची केवळ पाठ दिसते. जेथे परवानगी असेल तेथे काठावर बसून, कॅमेरा तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवून, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून चित्र घ्यावे.

येथे एक्स्पोजरची, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचे याची, खरी परीक्षा होते. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेरा फाजील उजळ करून पिसांचा तपशील घालवतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). उजळ आकाशातील पक्ष्यासाठी ते तितकेच वाढवावे. वारकरी हा पाणपक्षी तर दोन्ही बाजूंनी छळतो : अंग काळे आणि कपाळी पांढराशुभ्र टिळा. अशा वेळी टिळ्याचा तपशील टिकेल एवढेच एक्स्पोजर ठेवावे, काळी पिसे नंतर संगणकावर उजळता येतात. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरची चित्रे धूसर होतात, त्यामुळे दहाच्या सुमारास आवरते घ्यावे.

थव्याला उडवण्यासाठी टाळ्या वाजवू नयेत, खडे मारू नयेत आणि घरट्याजवळ तर कॅमेरा नेऊच नये. पक्षी खाणे थांबवून मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून हळूहळू मागे सरावे.