शेवळांची भाजी : बाजारापासून ताटापर्यंत

मृगाच्या पहिल्या सरींच्या सुमारास ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांच्या रानांत शेवळे (सुरणाच्या जातीतल्या रानवनस्पतीचे कोंब) उगवतात आणि जेमतेम काही आठवडे मिळतात. म्हणून जूनमध्ये कर्जत किंवा मुरबाडच्या बाजारात सकाळीच जावे. ठाकर आणि कातकरी बायकांकडून जुडी घेताना कोंब न उमललेले आणि टणक आहेत ना, हे पाहावे आणि सोबत काकडाची हिरवी आंबट फळे आठवणीने मागून घ्यावीत, कारण शेवळाच्या अंगची खाज त्यांच्याच रसाने मारली जाते.

साफ करताना घाई नको. हाताला तेल लावून बाहेरचे आवरण सोलावे, आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकावा (भाजी खवखवते ती बहुधा इथल्या आळसामुळेच) आणि उरलेले बारीक चिरून कांद्याबरोबर तेलावर परतावे. मग ठेचलेल्या काकडांचा गाळलेला रस घालून ते पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी या भाजीत कोलंबी किंवा खिमा पडतो; शाकाहारी मंडळींनी सोललेले वाल घालावेत. काकड न मिळाल्यास चिंचेचा दाट कोळ चालतो, पण चव उणीच राहते. सोबत तांदळाची भाकरी हवी.