फिल्म कॅमेऱ्यात शिम घालताय? या चुका टाळा

माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी) बदललं, दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायला अडॅप्टर लावला किंवा फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र ज्यावर उमटतं तो पडदा) नवी टाकली, की फोकस थोडा सरकतो. मग शिम, म्हणजे जाडी भरून काढणारा पातळ तुकडा, म्हणून हाताला लागेल ती पातळ वस्तू कापून फटीत सारली जाते. ती वस्तू टिकेल का हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तिची जागा बरोबर आहे का, हे त्याआधी पाहावं लागतं. चुकीच्या जागी बसवलेली उत्तम पितळी शिमसुद्धा निरुपयोगी ठरते.

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, माउंटखाली शिम घातली की लेन्स फिल्मपासून जितकी लांब जाते, तितकीच ती व्ह्यूफाइंडरच्या स्क्रीनपासूनही लांब जाते. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये एक ठिकाण स्पष्ट दिसतंय आणि फिल्मवर दुसरंच उमटतंय, अशी तक्रार असेल तर माउंटला हात लावून काही साधणार नाही. दोष स्क्रीनच्या उंचीत किंवा आरशाच्या टेकूत आहे. याउलट दोन्हीकडे फोकस सारखाच चुकत असेल आणि लेन्सची फोकस रिंग इन्फिनिटीच्या (सगळ्यात दूरच्या फोकसच्या) खुणेआधीच दूरचं दृश्य स्पष्ट करून पुढे जात असेल, तेव्हाच माउंटखालच्या शिमचा उपयोग. इन्फिनिटी गाठलीच जात नसेल तर शिम घालायची नसते, असलेली काढायची असते. हे वाचताना उघड वाटतं, तरी उलट दिशेला शिम घालणारे कमी नाहीत.

आता किती जाडीचा खेळ आहे ते पाहा. एफ १.४ इतकं ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) उघडं असताना फिल्म आपल्या जागेपासून साधारण ०.०४ मिमी पुढे-मागे असली तरी चालतं. ५० मिमीची लेन्स ०.०५ मिमी पुढे राहिली तर इन्फिनिटीला लावूनही ती सुमारे ५० मीटरवर फोकस करते. २८ मिमीची लेन्स तेवढ्याच चुकीने १६ मीटरच्या आत येते. म्हणून वाइड लेन्सवर चूक आधी उघडी पडते. स्वस्त अडॅप्टर तर मुद्दामच थोडे पातळ बनवलेले असतात, इन्फिनिटी हमखास मिळावी म्हणून. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एम४२ या जुन्या स्क्रूच्या माउंटचं ४५.४६ मिमी आणि कॅनन ईएफचं ४४, म्हणजे अडॅप्टर १.४६ मिमीचा हवा. तो १.४० चा निघाला तर उरलेले ०.०६ भरून काढणं हे शिमचं काम.

इथेच कागद आणि सेलोटेप घुसतात. साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो खरा, पण तो मोकळा असताना. स्क्रू आवळले की तो दबतो, दमट हवेत फुगतो, आणि प्रत्येक स्क्रूखाली वेगळा दबतो. सेलोटेपचा त्रास आणखी वेगळा. तिची बरीचशी जाडी चिकटद्रव्याची असते, आणि ते दाबाखाली हळूहळू कडेने बाहेर सरकतं. उन्हात तापलेल्या कॅमेऱ्यात तर लवकरच. आज जुळवलेला फोकस काही महिन्यांनी हलतो आणि खापर लेन्सवर फुटतं. चाचणीपुरती टेप लावायला हरकत नाही. जाडी ठरली की ती काढून धातूची शिम बसवा.

धातूत पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचा शिमसाठीचाच पत्रा घ्यावा. तो ०.०२५, ०.०५, ०.१ मिमी अशा ठरावीक जाडीत मिळतो. पितळ कापायला सोपं. स्टील जास्त ताठ, पण कात्रीला दाद देत नाही. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल टाळा: ती फाटते, सुरकुतते, आणि एका सुरकुतीने जाडी दुप्पट होते. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा जवळपास ०.१ मिमीचा असतो आणि अडचणीला चालतो, पण त्याला मूळची गोलाई असते आणि दोन्ही बाजूंना लाखेचा थर असतो. जाडी मोजल्याशिवाय वापरू नका.

पत्रा निवडून काम संपत नाही. कात्रीने कापलेल्या कडेला बारीक धार उठते. ०.०५ च्या शिमला ०.०३ ची धार असेल तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती शिम ०.०८ ची, तीही एकाच बाजूला. पत्रा दोन ताठ तुकड्यांमध्ये दाबून भोकं पाडा आणि नंतर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू हलक्या घासा. मग मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. डिजिटल व्हर्निअरच्या पडद्यावर ०.०१ दिसतं म्हणून त्यावर विसंबू नये. त्याची स्वतःची चूकच ०.०२-०.०३ मिमी असू शकते.

ऑटोफोकस कॅमेऱ्यात माउंटजवळ विद्युत संपर्क असतात, म्हणून धातूची शिम तिकडे सरकणार नाही हे पाहा. तिथे पॉलिएस्टर किंवा कॅप्टॉन (Kapton) या प्लास्टिकचा चिकट नसलेला पातळ पापुद्रा बरा. फक्त पारदर्शक तुकडा नको, कडेने प्रकाश आत येऊ शकतो.

सगळ्यात जास्त घोळ फिल्म गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र पडतं त्या चौकटीत होतो. ३५ मिमी कॅमेऱ्यात आतल्या दोन रेल्सवर (धातूच्या सरळ पट्ट्यांवर) फिल्म टेकते आणि बाहेरच्या दोन रेल्सवर प्रेशर प्लेट, म्हणजे मागच्या झाकणातली फिल्म सपाट ठेवणारी पट्टी. या दोहोंत साधारण ०.२ मिमी फट ठेवलेली असते आणि फिल्म ०.१३ ते ०.१५ मिमी जाड असते. फोकस पुढे आणायचा म्हणून प्रेशर प्लेटवर टेप चिकटवली, तर फिल्म पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढे रेल आहे. फट मात्र कमी होऊन फिल्म अडकते आणि ओरखडे पडतात. बाहेरच्या रेलवर शिम घातली तर फट वाढून फिल्म वाकते. पॅनोरमा किंवा हाफ फ्रेमचा मास्क (चित्राचा आकार लहान करणारी चौकट) बसवताना तो आतल्या रेलच्या पातळीखालीच राहायला हवा. त्याच्या कडा गुळगुळीत हव्यात आणि रंग मंद काळा. चमकदार पितळ इथे नकोच.

१२० ही रुंद रोल फिल्म मागे कागद लावलेली असते. तिच्या कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म घालताना मागचा कागद नसतो, तेव्हा प्लेट पुढे आणणं रास्त आहे. पण प्लेटला १२०/२२० असा बदल असेल तर आधी २२० वर करून पाहा. २२० च्या चित्राच्या भागामागेही कागद नसतो. शिमची गरजच संपेल कदाचित.

सुपरग्लू या सगळ्यात कुठेही नको. त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढरी साय धरते, आणि दुरुस्तीच्या वेळी शिम निघत नाही ते वेगळंच. माउंटखालची शिम स्क्रूंच्या दाबानेच धरली जाते. ते स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

तपासणीसाठी फिल्म भरायची गरज नाही. मागचं झाकण उघडा, जुन्या फोकसिंग स्क्रीनचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून आतल्या रेल्सवर ठेवा (बाहेरच्या रेल्सवर ठेवलात तर सगळं गणित चुकेल), शटर बी वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहील असं) धरून ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि लूपने (लहान भिंगाने) दूरचं दृश्य पाहा. मध्य स्पष्ट आणि चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर बहुधा ती लेन्सची तऱ्हा आहे. एकच बाजू मऊ असेल तर शिम पूर्ण काढा आणि त्याच दृश्यावर रिंगने फोकस पुन्हा जुळवा. तिरकेपणा गेला तर शिमची जाडी पुन्हा मोजा. तो तसाच राहिला तर माउंट वाकलंय का, किंवा एखाद्या स्क्रूखाली जुन्या शिमचा तुकडा, रंगाचा पापुद्रा असं काही अडकलंय का, ते शोधा.